धाब्यावरची माती

रिसोड,
ता. १४ मे १९३६

ती. गं. भा. प्रयागआक्काच्या चरणी धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार.

आक्का, आपण दोघं भाड्याच्या घरात वाढलो. छप्पर गळायला लागलं की परात, घंगाळ, तांब्या मांडून आई कोपऱ्यात अंग चोरून बसायची, आणि मालक बाहेरून हसायचा, "मास्तरीणबाई, तुमच्या घरी तं गंगाच आली!" तो माणूस आपण दोघंही विसरलो नाही. म्हणूनच स्वतःच्या दोन खोल्या झाल्या तेव्हा तू म्हणालीस, माझ्या भाडेकऱ्याच्या अंगावर थेंब पडणार नाही. आणि पडू दिला नाहीस. हे आधी लिहितो. पुढचं वाचताना, भाऊ हे विसरला असं वाटू देऊ नकोस.

लेकीच्या बाळंतपणाला तू तिकडे गेलीस; गिरजा कशी आहे? पहिलटकरीण आहे, तिला जपा. जऊळक्याचं पाणी तिला मानवलं का? तिच्या बाळाच्या दुलईबद्दल तू विचारलंस, त्याचं पुढे लिहितो.

सोमवारी दुपारी तुझ्या भाडेकरू रऊफ पिंजाऱ्याच्या खोलीचं मातीचं धाबं, अख्खं छप्परच, खाली आलं.

दर उन्हाळ्यात तू गाडीनं पांढरी माती आणवलीस आणि धाब्यावर पसरवलीस. जुनी खरवडून मग नवी टाकायची असते. पण तू म्हणायचीस, "असू दे थर. जाड असलं तं गळत नाही." आता तो थर ढिगाऱ्यात कापल्यासारखा उभा दिसतो, वर्षावर वर्ष रचलेलं. माझ्या गुडघ्याला लागतो. आणि ज्या तुळईनं तो इतकी वर्षं पेलला, तिला मी अंगठ्यानं दाबलं तर अंगठा आत गेला. वाळवीनं नुसतं साल ठेवलं होतं.

रऊफनं तुला सांगितलं होतं. गेल्या दिवाळीआधी तू शिडीनं धाब्यावर चढली होतीस, मी खाली शिडी धरून उभा होतो.

"आक्का, तुळई कुरकुर करून राह्यली," तो म्हणाला. "जरा आत येऊन पाहा न."

"गळते काय रे?"

"गळत तं नाही."

"मंग कायले रडतं? तुह्या घरात पाय ठेवू, अन् घरी जाऊन पुन्हा आंघोळ करू?"

रऊफची बायको सितारा दारातून म्हणाली, "आंघोळीले पाणी मी काढून देतो न, आक्का!"

तू हसलीस. मीही हसलो. रऊफसुद्धा हसला. आणि गोष्ट तिथेच राहिली.

सितारा गेली, आक्का. इतक्या ओळी लिहिल्या त्या हे लिहायचं लांबवण्यासाठीच. रऊफ पिंजायला बाहेर गेला होता, त्याची आई अन्वरी विहिरीवर. सितारा एकटी आत बसून कापूस निवडत होती, गिरजाच्या दुलईचा. आम्ही हातांनी उकरलं. पांढरी माती आणि पांढरा कापूस, कुठे काय आहे ते कळेना. सापडली तेव्हा अन्वरीनं तिच्या तोंडावरची माती पदरानं पुसली, पुसतच राहिली. कोणाची तिला थांबवायची छाती झाली नाही.

मग फौजदार पंचनाम्याला आला. त्यानं विचारलं, "मालकिणीला आधी कोणी सांगितलं होतं का?" रऊफनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाही साहेब." ज्याची बायको अजून अंगणात चादरीखाली होती, तो माणूस तुझी अब्रू झाकत होता!

मी म्हणालो, "सांगितलं होतं. माझ्यासमोर." आणि खाली सही केली.

तू म्हणशील, "भगवंता, तुहं तोंड सभेत चालव, घरात कायले?" घरात गप्प बसणाऱ्या तोंडाला सभेत काय किंमत? जो भाडं घेतो, त्यानं त्या छपराखाली झोपणाऱ्यांचा जीव सांभाळायला घेतलेला असतो. पाण्यापासून तू तो सांभाळलास. वजनापासून कोणी सांभाळायचा? सितारानं? ती तर आपल्या घामाच्या पैशानं त्या मातीखाली राहत होती! कोणत्या धर्मात असं लिहिलंय की मालकिणीचं सोवळं राहावं आणि भाडेकरणीचा जीव जावा?

पण तुला भांडायला हे पत्र लिहीत नाही. तुझ्या दुसऱ्या भाडेकरणीची, सोजरबाईची खोली अजून उभी आहे. धाबं तेच, माती तीच. आणि तू मागवलेली यंदाची माती काल तिच्या दारात येऊन पडली. धाब्यावर माती टाकणारा किसनसिंग टोपली-फावडं घेऊन हजर. मी आडवा झालो तर म्हणतो, "तुमी भाऊ आहात, मालक नाही. बाईचा सांगावा आहे. आभाळ यायच्या आत टाकतो."

सोजरबाईला म्हटलं, माझ्या घरी चला. ती भाजीची पाटी सोडेना. "खोली सोडली अन् बाईनं दुसऱ्याले देल्ली, तं सुनेले अन् नातीले घेऊन मी कोठी जाऊ? बाई म्हनन तं निंगतो, भाऊ."

तिची तुळई मधोमध वाकली आहे. तिलाच नातीचा पाळणा बांधलेला आहे. मी सोडायला गेलो तर सून म्हणाली, "मंग कोठी बांधू?"

मी जागचा हललो तर माती वर चढेल, म्हणून स्वतः येत नाही. दारात बसून आहे. गडी नथ्थूच्या हाती हे पत्र देतो. तो तुला आगगाडीनं वाशीमला आणील, तिथे बैलांची दमणी जोडून ठेवली आहे. निरोप पाठवू नकोस, माणूस पाठवू नकोस. तू ये. यंदा धाब्यावर चढू नकोस. सोजरबाईचा उंबरा ओलांडून आत जा, पाळण्याजवळ उभी राहा आणि मान वर करून ती तुळई स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

तुझ्याविरुद्ध सही केलेला, तुझाच
भगवंत