बासष्ट किलो चारशे ग्रॅम

ताई, हे पहिलं पान मी कोरं सोडलं होतं. ते आज, मंगळवारी १७ तारखेला, भरते आहे. काय झालं ते आधी क्रमाने:

१. २ तारखेला मी बिस्किटांच्या कारखान्यात देखभाल अभियंता म्हणून रुजू झाले.
२. ५ तारखेला तीन नंबरच्या मिक्सरवरचं एक कुलूप मी तोडलं. फॉर्मवर सही माझी आहे.
३. ११ तारखेला स्वतःचं कुलूप लावून मी त्याच मिक्सरमध्ये उतरले.
४. काम संपवून बाहेर आले. कुलूप काढलं.
५. १२ तारखेला सकाळी माझं कुलूप मिक्सरवर होतं.
६. अजून आहे.

बाकीचं पुढे, तारखेप्रमाणे.

सोमवार, २ तारीख

नोकरीचा पहिला दिवस छान गेला. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. एक खिडकी, एक टेबल, नळाला सकाळी दोन तास पाणी. खिडकी उघडली की भाजलेल्या पिठाचा आणि साखरेचा वास येतो. ताईने ही वही देताना टोमणा मारला होता, की तू बोलत तर नाहीसच, निदान लिही, म्हणजे तुझ्या पोटात काय आहे ते आम्हाला कधीतरी कळेल. म्हणून लिहिते आहे.

नर्सने तपासणी केली. वजन ५१.०. ती म्हणाली, सोसाट्याचा वारा सुटला तर खिशात दगड घालून या. स्टोअरमधून बूट, हेल्मेट आणि कुलूप मिळालं. कुलूप लाल, नंबर १२, त्याला माझ्या फोटोचा बिल्ला. किल्ल्या दोन. एक माझ्याकडे, दुसरी ऑफिसात जमा करायची. तिथला कारकून जेवायला गेला होता. हरवू नये म्हणून किल्ली या वहीच्या शेवटच्या पुठ्ठ्याला चिकटपट्टीने लावली आहे. उद्या देईन.

मंगळवार, ३ तारीख

माझ्या हाताखाली एकच फिटर आहे. वय अठ्ठावन्न. सगळे त्यांना मामा म्हणतात, साहेबसुद्धा. मला त्यांनी पहिल्या तासातच पोरी म्हणायला सुरुवात केली. मी हरकत घेतली नाही.

इथली कुलूप-पद्धत चोख आहे. मशीनमध्ये उतरणाऱ्याने मेन स्विच बंद करायचा, त्याच्या कडीत आपलं कुलूप अडकवायचं आणि किल्ली खिशात ठेवायची. बाहेर आल्यावर ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. कितीही घाई असो, दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. मामांच्या भाषेत, कुलूप लटकतंय तोवर माणूस आत. कोणी उतरलं की मामा मोठ्याने म्हणतात, एक आत. वर आलं की, एक बाहेर. सगळे हसतात, पण मोजतात.

कणकेचे मिक्सर तीन आहेत. प्रत्येकाचं भांडं माणूस वाकून उभा राहील एवढं. तीन नंबरचा आठ महिने बंद आहे. त्याच्या कडीत सात नंबरचं कुलूप आहे. त्यावर धूळ नाही. मामांना विचारलं. ते म्हणाले, पुसतो मी.

बुधवार, ४ तारीख

साहेबांनी बोलावलं. मोठी ऑर्डर आहे, तीन नंबर उद्या सुरू हवा. सात नंबरचं कुलूप माझ्या आधीच्या अभियंत्याचं. त्याला भाऊ म्हणत. एका दुपारी न सांगता नोकरी सोडून गेला, कुलूप काढायचं विसरला, असं साहेब म्हणाले. कुलूप तोडायचा फॉर्म असतो. तो मी नियमाने भरला.

कुलपाच्या मालकाशी संपर्क झाला का? नंबर लावला. बंद. 'प्रयत्न केला' असं लिहिलं.

आत पाहिलं का? झाकण उघडून विजेरीने पाहिलं. रिकामं. पाती कोरडी, स्वच्छ.

वजन शून्य आहे का? नव्हतं. भांड्याखाली वजन मोजणारे चार सेल आहेत. रिकाम्या भांड्याचा आकडा ६२.४ किलो दिसत होता. आठ महिने बंद असलेल्या सेलचा आकडा सरकू शकतो. मी शून्याचं बटण दाबलं. आकडा ०.० झाला. फॉर्मवर 'होय' लिहिलं.

मामा मागे उभे होते. ते एवढंच म्हणाले, की पोरी, आकडा पुसला म्हणजे वजन जात नाही. मी त्यांना सेल कसा सरकतो ते समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

गुरुवार, ५ तारीख

मामांनी कटर हातात घ्यायला नकार दिला. साहेब चिडले, पेन्शन जवळ आली की माणसाला भुतं दिसायला लागतात म्हणाले. कुलूप मी तोडलं, ९.१५ला.

त्याआधी पाच मिनिटं गेटवरून वॉचमनचा फोन आला होता. भाऊंची बायको आली आहे, कुलपाची दुसरी किल्ली तिच्याकडे आहे, तोडू नका, मला आत सोडा, मी उघडते, असं म्हणते आहे. मी सांगितलं की नियमाप्रमाणे सगळं झालं आहे, त्यांचं नाव लिहून घ्या.

९.२०ला मिक्सर सुरू. आवाज ठीक, मोटर ठीक. चारशे किलो माल घातला, काट्यावर चारशे. कणीक पुढे गेली, भांडं रिकामं झालं, तेव्हा आकडा उणे ६२.४ दिसला. पुन्हा शून्य केलं.

उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येत आहेत. कटर जड होतं.

शुक्रवार, ६ तारीख

पॅकिंगवाल्यांचा निरोप: काल तीन नंबरच्या पहिल्या घाण्यात बासष्ट किलो माल जास्त निघाला. साहेब खूश. सगळ्यांसमोर म्हणाले, मॅडमचा पायगुण चांगला आहे.

मामांनी चहाबरोबरचं बिस्किट बशीत परत ठेवलं.

माल गेला. ट्रक दुपारीच निघाला होता.

सोमवार, ९ तारीख

बोटांच्या मुंग्या थांबल्या आहेत. आता काहीच जाणवत नाही. सकाळी भट्टीच्या दाराला हात लागला. फोड आला तेव्हा कळलं.

नर्सकडे गेले. तिने फाइल काढली. कार्डं हुद्द्याप्रमाणे लावलेली असतात, त्यामुळे माझ्या कार्डाखाली भाऊंचं होतं. वजन ६२.४.

मी पट्टी बांधून घेतली आणि कामावर परत आले.

संध्याकाळी वॉचमनने सांगितलं, की वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, आठ महिने दर सोमवारी यायच्या. एकच प्रश्न, बाहेर आले का? कारण भाऊंच्या हजेरीत त्या दिवशी आत आल्याची वेळ आहे, बाहेर गेल्याची नाही. साहेबांनी ती मशीनची चूक ठरवली होती. गुरुवारी मिक्सर सुरू झाल्याचं ऐकून वहिनींनी किल्ली गेटच्या टेबलावर ठेवली आणि गेल्या. आज आल्या नाहीत.

किल्ली त्याने मला दिली. तोडलेलं कुलूप माझ्या कपाटात आहे. किल्ली लावून पाहिली. सहज फिरली.

मामांना विचारलं, त्या दिवशी वहिनींना आत सोडलं असतं तर? त्यांनी पाना पुसून खाली ठेवला. मग म्हणाले, आपल्या माणसाने उघडलं असतं तर बाहेर आला असता. तोडल्यावर कोण येतं?

बुधवार, ११ तारीख

चूक सेलमध्येच असली पाहिजे. ती शोधायला मिक्सर बंद केला, माझं बारा नंबरचं कुलूप लावलं आणि १०.४०ला उतरले. मामा म्हणाले, एक आत.

सेल चारही बरोबर. वीस किलोची मापं ठेवून पाहिली, ग्रॅमचाही फरक नाही. म्हणजे ४ तारखेलाही ते बरोबरच होते.

११.१५ला बाहेर आले. कुलूप काढलं. मामांना साहेबांनी बोलावून नेलं होतं, म्हणून कोणी काही म्हणालं नाही.

गुरुवार, १२ तारीख

माझं कुलूप तीन नंबरच्या कडीत. माझा फोटो. मिक्सर बंद.

किल्ली माझ्या खिशात आहे. लावली. फिरत नाही. बोटांत जोरच येत नाही.

काट्यावर ५१.०.

शुक्रवार, १३ तारीख

गेटवर हजेरीचं कार्ड लावलं. यंत्राने दाखवलं, ११ तारीख, आत. बाहेर गेल्याची नोंद नाही. काल नाही, परवा नाही. मी तर रोज खोलीवर जाते. जाते ना—

मामा झाकण उघडून भांड्यात वाकले होते. आत हाक मारत होते. पोरी, ए पोरी, चल, वर ये, पुरे झालं. मी त्यांच्या मागेच उभी होते. मी म्हणाले, मामा, मी इथे आहे.

ते पुन्हा आत वाकले.

शनिवार, १४ तारीख

पॅकिंगच्या मोठ्या काट्यावर उभी राहिले. ०.०. उतरले. ०.०.

भीती वाटायला हवी. वाट पाहिली. वाटली नाही.

रविवार, १५ तारीख

ताईचा फोन. मी खोलीत, खिडकीपाशी. ती म्हणाली, बाई, आवाज किती घुमतोय तुझा, पिंपात बसून बोलल्यासारखा. जरा बाहेर ये आणि बोल. मी म्हणाले, बाहेरच आहे. ती म्हणत राहिली, हॅलो, हॅलो, बाहेर ये गं—

सोमवार, १६ तारीख

साहेब फॉर्म भरत होते. मालकाशी संपर्क? माझा नंबर लावला. फोन माझ्या हातात वाजला. मी उचलला. बोलले. साहेबांनी फोन ठेवला, 'प्रयत्न केला' असं लिहिलं. न सांगता गेली, म्हणाले, आजकालच्या मुली टिकत नाहीत.

आत पाहिलं? विजेरी. रिकामं.

वजन शून्य? शुक्रवारी नवा अभियंता येतोय. तो करेल. सहीही तोच. मामा कटर—नाही म्हणाले. दोनदा.

मंगळवार, १७ तारीख

ताई. पेन दाबलं तरी अक्षर फिकटच. वही उचलायला दोन हात लागतात. मामांच्या डब्याच्या पिशवीत ठेवते आहे. तुझा पत्ता, नंबर पुठ्ठ्यावर आहेत. ते तुझ्याकडे पोचवतील.

दुसरी किल्ली ऑफिसात द्यायची राहिली ते बरं झालं. शेवटच्या पुठ्ठ्याला आहे. ती घेऊन ये. गेटवर अडवतील. म्हणतील, नाव लिहून द्या. लिहू नकोस, उभी राहा. मामांचं नाव सांग. लाल कुलूप, बारा नंबर. तू उघड. दुसऱ्या कोणाला उघडू देऊ नकोस. तोडू तर मुळीच—

वहिनींनाही जाऊन भेट. त्यांना सांग, की आकडा बरोबर होता. मी पुसला.

येतेस की नाही ते मामांच्या फोनवर कळव. गुरुवार, १९ तारखेपर्यंत उत्तर हवं. शुक्रवारी सकाळी सव्वानऊला ते