सोळा खुर्च्या

सोमवार, ४ मार्च

भावजय आली. चहाला नको म्हणाली, तेव्हाच ओळखलं — काम आहे!

"वन्सं, तुमचे पाने कुठे आहेत?"

विकले तर नाहीत ना, हे विचारायची तिची पद्धत. नाही विकले. पण हे गेल्यापासून दुकान बंदच आहे. तीस वर्षं आम्ही दोघांनी सायकली दुरुस्त केल्या. आता एकटीने कशाला उघडू?

तिने सांगितलं ते असं. आमच्या सिनेगॉगच्या महिला मंडळातल्या बायका दर बुधवारी ज्या वृद्धाश्रमात जातात, त्याच्या भिंतींना तडे गेलेत. १३ तारखेला इमारत रिकामी करायची. पुलापलीकडे नवी जागा मिळालीय, पण जे खुर्चीत बसू शकतील तेच तिथे. जे खाटेवर, ते लांबच्या दवाखान्यांत. एक इकडे, एक तिकडे. चालता न येणारे बावीस जण आणि धड असलेल्या चाकाच्या खुर्च्या सहा.

"आपल्या हॉलच्या माळ्यावर एकोणतीस पडल्यात," ती म्हणाली. घरातलं माणूस गेलं की लोक खुर्ची आणून देतात. मोडकी आहे का, हे कुणी बघत नाही.

"बघते," म्हटलं. नुसतं बघते म्हटलंय!

मंगळवार, ५ मार्च

बघितलं. देवा! एकीला चाक नाही, एकीला पाठ नाही, एकीत चिमणीचं घरटं. दिवसभर सगळ्या उलट्यापालट्या करून पाहिल्या. तेरांचं पोट फाडून सुटे भाग काढले तर सोळा उभ्या राहतील. हव्यातही सोळाच. म्हणजे एकही हातची जाता कामा नये.

आमचे सगळ्यात जुने विश्वस्त — लहानथोर सगळे त्यांना काकाच म्हणतात — काठी आपटत आले.

"फरशीला ग्रीस लागता कामा नये."

"लागणारच, काका."

"मग जुने पडदे अंथर." जाता जाता वळले. "आणि शुक्रवारी सूर्य मावळला की पाना खाली. शब्बाथ संपेपर्यंत हात लावायचा नाही."

घ्या! आधीच दिवस थोडे, त्यातला शनिवार गेला.

गुरुवार, ७ मार्च

पाच झाल्या! हॉलभर रॉकेलचा वास. मंडळाच्या बायका बेअरिंगं धुतायत, मी रिमचा आऊट, म्हणजे चाकाची वाकडी चाल, काढतेय. भावजयीला स्पोक ताणायला शिकवलं. दोन तोडले, मग जमलं. सिनेगॉगमधला म्हातारा शिंपी तंबूच्या कापडाची आसनं शिवतोय. दुहेरी शिवण. "माझ्या शिवणीवर बैल बसवा," म्हणतो.

दुपारी मापं घ्यायला आश्रमात गेले. मेट्रन भली बाई, पण काळजीने अर्धी झालीय. शेवटच्या खाटेवर एक ताडमाड बाई. सगळे त्यांना टेलिफोनबाई म्हणतात. आयुष्यभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, तेव्हापासून पडून. एवढ्या उंच, की कुठल्याच खुर्चीत मावेनात. गुडघे हनुवटीला टेकतात.

मला म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी या गावाला त्या गावाशी जोडून दिलं. आता मला एकटीला कुठल्या गावात टाकणार, तेवढं आधी कळवा."

समोरच्या खाटेवरची आजी तोंड भिंतीकडे करून झोपल्यासारखी पडली होती. झोपली नव्हती. दोघींची अकरा वर्षांची संगत.

मी म्हटलं, "कुठे टाकत नाही तुम्हाला." बोलून बसले खरी!

शुक्रवार, ८ मार्च

अकरा. सूर्य मावळायच्या आत अकरा. सोळावीचं, टेलिफोनबाईंच्या खुर्चीचं, कोडं मात्र सुटत नाही. आसन वर घेतलं तर खुर्ची कलंडते. पायाची पट्टी खाली घेतली तर जमिनीला घासते. तीनदा जोडली, तीनदा सोडली. काका दारात उभे, एक डोळा आभाळाकडे. पाना ठेवला. फेकलाच म्हणायचं.

रविवार, १० मार्च

काल शब्बाथ, लिहिलं नाही. पण कालचं लिहायलाच हवं.

सकाळी मनात आलं, सोळावी दुकानात आणून ठेवलीच आहे, दुकान माझं, शटर आतून ओढून घेतलं तर कोण बघतंय? पान्यापर्यंत हात गेलाही होता. मग काय वाटलं कोण जाणे, साडी बदलली आणि प्रार्थनेला गेले. हे गेल्यानंतर पहिल्यांदा. भीती होती की बायका हळहळतील, डोक्यावरून हात फिरवतील. कुणी काही म्हणालं नाही. सरकून जागा दिली, बस्स. पुस्तक उघडलं तर नखं काळीकुट्ट. शेजारणीकडे पाहिलं, तिचीही काळी! पुढच्या बाकावरचीचीही! हसू आवरेना.

आणि तिथेच झालं. समोरचं बाक जवळ होतं, म्हणून मी पाय लांब करून त्याच्याखाली सारले. पुढे! पाय खाली न्यायचेच नाहीत, पुढे न्यायचे! सायकलच्या सीटखालचा दांडा नळीत जसा हवा तेवढा सरकतो, तसे दोन दांडे तिरके पुढे लावायचे. प्रार्थना चालू होती आणि माझ्या तोंडून "अगं बाई!" निघालं. काकांनी वळून पाहिलं. देव माफ करेल, काकांचं माहीत नाही.

आज पहाटे हॉलवर गेले तर काका माझ्या आधी हजर. बाह्या दुमडलेल्या.

"काल प्रार्थनेत काय सुचलं?"

सांगितलं. ओरडतील वाटलं. म्हणाले, "मग उभी काय राहिलीस? धरू कुठे ते सांग."

पंधरा झाल्या.

मंगळवार, १२ मार्च

सोळा!!!

बुधवार, १३ मार्च

आजचं आजच लिहिते.

आश्रमाच्या गाडीत एका वेळी दोन खुर्च्या मावतात. अशा किती फेऱ्या! मेट्रन रडकुंडीला आली. मी म्हटलं, "पूल दहा मिनिटांवर आहे. चाकं कशाला लावलीत? ढकलत नेऊ."

आधी टेलिफोनबाई. चौघींनी उचलून बसवलं. पट्टी बोटभर पुढे सरकवली, नट आवळला. पाय सरळ टेकले. मान वर आली. खोलीतल्या खिडकीतून दोन वर्षं त्यांना फक्त आभाळ दिसत होतं. पहिल्यांदा खालचा रस्ता पाहिला. पुढे वाकून आणखी पाहिला. मग म्हणाल्या, "समोरच्या इस्त्रीवाल्याने दुकान रंगवलं वाटतं."

मीच घाईघाईने डोळे पुसले, ग्रीसच्या हातांनी!

बावीस खुर्च्या, एकामागे एक. मागे आमच्या बायका, शिंपी, भावजय, भाऊ. काकांनी काठी समोरच्या खाटेवरच्या आजीच्या मांडीवर ठेवली आणि तिचीच खुर्ची धरली. पुलावर वाहतूक पोलिसाने दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबवल्या. कुणी हॉर्न वाजवला नाही. एका बसमधली माणसं खिडक्यांतून हात हलवायला लागली, आणि आमच्या बावीस जणांनी, ज्यांचे हात उठत होते त्यांनी, उलट हात हलवले. टेलिफोनबाई सगळ्यांत पुढे. मागे वळून वळून ओरडत होत्या, "लाईन तोडू नका! लाईन चालू ठेवा!"

एक चाक निघालं नाही. एक शिवण उसवली नाही.

नव्या जागी दोघींच्या खाटा शेजारी शेजारी लावल्या. आजी मला म्हणाली, "आता ही दिवसरात्र बोलणार." आणि टेलिफोनबाईंचा हात धरून हसली.

गुरुवार, १४ मार्च

झोपले. नुसती झोपले.

गुरुवार, २७ जून

सकाळी हॉलच्या दारात सोळावी खुर्ची उभी दिसली. रिकामी. सोबत मेट्रन.  माणूस गेलं की खुर्ची आणून देतात.

"कधी झालं?" कसंबसं विचारलं.

"काय कधी?" मेट्रन म्हणाली आणि मागे बघितलं. रस्त्याच्या कडेने वॉकर टेकत, एकेक पाऊल मोजत, टेलिफोनबाई येत होत्या. त्यांना बसलेलं पाहूनच नव्या जागेतल्या व्यायामाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हाड केव्हाच सांधलंय, हिला कुणी उभं का करत नाही?

पायरीशी थांबल्या. धाप लागलेली. माझ्यापेक्षा हातभर उंच.

"घ्या तुमची खुर्ची," म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला तरी द्या."