पंधरा हजारांची पत

३ जानेवारी, सकाळी ७

आजपासून रोजनिशी. परत उभं राहायचं असेल तर रोज लिहा, असं एका व्हिडिओत सांगितलं. मी उभा आहेच. बसलाय तो क्रेडिट स्कोअर. ५६१.

चार वर्षांपूर्वी माझं टाइल्सचं दुकान बंद पडलं. बँकेशी तडजोड करून कर्ज मिटवलं. बँकेने रेकॉर्डला 'सेटल्ड' लिहिलं. मला वाटलं, कौतुक केलंय. सध्या दुसऱ्याच्या शोरूममध्ये नळ, बेसिन, कमोड विकतो. तात्पुरतं. चौथं वर्ष.

लेकीला फिजिओथेरपीला जायचंय. जूनमध्ये शैक्षणिक कर्ज. सोबत सही करणाऱ्याचा स्कोअर सातशे हवा. म्हणजे १३९ कमी. हातात पाच महिने. महिन्याला अठ्ठावीस. हातचा मळ.

५ जानेवारी

खरा प्रश्न कार्डाचा. कोणीच देत नव्हतं तेव्हा या एकाच बँकेने दिलं. रंग सोनेरी, लिमिट पंधरा हजार, वर्षाची फी करासकट पाच हजार नऊशे. १५ फेब्रुवारीला पुन्हा लागणार. ठेवलं तर फी. बंद केलं तर स्कोअर सुधारायला हातात काहीच नाही. या आठवड्यात निर्णय.

१२ जानेवारी

निर्णय झाला नाही. विचार मात्र पक्का होत आलाय.

१४ जानेवारी, रविवार

मेहुणा आला होता. विमा कंपनीत आहे, त्यामुळे जगातलं सगळं त्याला कळतं. म्हणाला, भावोजी, फी लागायच्या आत ते बंद करा. दहा हजारांची एफडी करा, तिच्यावर बिनफीचं कार्ड मिळतं. महिन्याला थोडं वापरा, वेळेवर भरा, बस्स. म्हणजे माझेच पैसे गहाण ठेवून मी माझ्याच पैशांची उधारी करायची! मी नुसता हसलो. ही आतून म्हणाली, तो बरोबर बोलतोय. बहीणच ती. दुसरं काय म्हणणार?

२० जानेवारी

स्वतःचा मार्ग काढला. जेवणाच्या सुट्टीत पाच बँकांकडे बिनफीच्या कार्डांसाठी अर्ज केले. एक तरी लागेलच.

२३ जानेवारी

पाचही नाकारले. एकीने तर चार मिनिटांत. कार्यक्षम बँक.

३१ जानेवारी

स्कोअर ५३८. एवढे अर्ज एकदम केले की माणूस अडचणीत आहे असं वाटतं म्हणे. कोणाला वाटतं? मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. धावण्याआधी दोन पावलं मागे घ्यावी लागतात. आता महिन्याला एक्केचाळीस. जमेल.

२ फेब्रुवारी

कस्टमर केअरला फोन. बावीस मिनिटं संगीत. मग एक बाई. तिला ठणकावून सांगितलं, फी माफ करा नाहीतर कार्ड बंद. ती म्हणाली, कार्डाच्या वर्षात साठ हजारांची खरेदी झाली तर फी माफ असते, तुमची शेहेचाळीस हजार दोनशे झाली आहे, पण सर. 'पण'च्या पुढे ऐकायला मी थांबलो नाही. गणित मला येतं. १३,८०० कमी.

६ फेब्रुवारी, दुपारी

नशीब म्हणतात ते हेच. दातांचे डॉक्टर आले, दवाखान्यासाठी कमोड हवा. भिंतीला लागणारा, झाकण सावकाश मिटणारा. किंमत? तेरा हजार आठशे! पाकीट घरी राहिलं म्हणाले. मी म्हणालो, डॉक्टर, काळजी नको, माझ्या कार्डावर घेतो, सवडीने रोख द्या. कॅशिअर बाईंनी भुवया उंचावल्या. दूरदृष्टीची लोकांना सवय नसते.

९ फेब्रुवारी

डॉक्टरांनी कमोड परत पाठवला. पांढरा हवा होता, हा हस्तिदंती आहे. मी म्हणालो, हस्तिदंती म्हणजे दातांचाच रंग की. ते हसले नाहीत. पैसेही दिले नाहीत. मालकांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. पाटी मीच सुचवली होती.

कमोड आमच्या गॅलरीत आहे. हिने विचारलं, हे काय? मी म्हणालो, गुंतवणूक.

१६ फेब्रुवारी

फी लागली! फोन केला. आज दुसरी बाई. म्हणाली, सर, तुमचं कार्डाचं वर्ष ३१ जानेवारीलाच संपलं, ही खरेदी पुढच्या वर्षात धरली जाईल. म्हणजे पुढच्या वर्षाची सुरुवात तरी मी जोरात केली.

१३,८०० अधिक ५,९००. लिमिटच्या वर गेलो म्हणून दंड सहाशे. एकूण वीस हजार तीनशे. पंधरा हजारांच्या कार्डावर. हे बँकेने होऊ कसं दिलं, हा माझा सवाल आहे.

८ मार्च

कमीत कमी रक्कम भरली. हजार पंधरा. व्याजात गेली. कार्ड बंद करता येत नाही, आधी सगळी बाकी भरा म्हणतात. म्हणजे ठेवायचं की नाही हा प्रश्न आपोआप सुटला. डोक्याचा ताण गेला.

 

९ एप्रिल

या महिन्यात भरणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. फी अन्यायकारक आहे असं कडक पत्र पाठवलंय. (पगारातून लेकीच्या प्रवेश परीक्षेची फी दिली. तो वेगळा विषय.)

२ मे

बँकेचं उत्तर आलं. आपला अभिप्राय मोलाचा आहे. स्कोअर ४९७.

आता महिन्याला दोनशे तीन. एकच महिना आहे.

११ मे

लेक पास. दोनशेत एकतिसावी! पळत येऊन माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, बाबा, झालं ना आता? मी म्हणालो, झालंच. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बराच वेळ बसलो.

१९ मे, संध्याकाळी

हिने सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमचा स्कोअर कुठवर आला? मी म्हणालो, वर चाललाय. ही दिवसभर पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते. माझ्याकडे तशीच बघत राहिली. मग म्हणाली, बरं.

सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

४ जून, दुपारी

कर्जासाठी लेकीबरोबर बँकेत गेलो. लेक म्हणाली होती, बाबा, तुम्ही नाही आलात तरी चालेल. मी रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला, 'सेटल्ड'बद्दलचं भाषण तीनदा पाठ केलं. साहेबांसमोर बसलो आणि सुरू झालो. दुकान, मंदी, माझी तत्त्वं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, पण कर्ज मंजूर झालंय. सोबत आईची सही आहे. स्कोअर ७८२. आज फक्त कागद न्यायचेत.

सही निकालाच्या आठवड्यातच झाली होती. लेकीला माहीत होतं. ती टेबलाकडे बघत होती. मला आणलं, कारण मी रजा टाकली होती.

खात्री करून घ्यायची म्हणून साहेबांनी फॉर्म वाचून दाखवला. कमावणारी व्यक्ती: एक. अवलंबून असलेले: दोन.

एक लेक. दुसरं कोण, ते विचारायला निघालो होतो.

५ जून

सगळं सांगितलं. कमोडसकट. ही ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, कार्डाची पत्रं कपाटात माझ्याच साड्यांखाली ठेवत होतात, मला दिसणार नाहीत असं कसं वाटलं? मग फोन काढून सगळी बाकी भरली, पंचवीस हजार शंभर. म्हणाली, आता ठेवायचं की बंद करायचं ते तुम्ही ठरवा. मी म्हणालो, तूच सांग. ती म्हणाली, नाही. कार्ड तुमचं आहे.

७ जून, सकाळी १०

फोन केला. बाईने बंद करण्याचं कारण विचारलं. चार कारणं लिहून ठेवली होती. तोंडातून भलतंच आलं: फी परवडत नाही.

ती म्हणाली, ठीक आहे सर, सात दिवसांत बंद होईल. मग म्हणाली, हे तुमचं एकच कार्ड असल्यामुळे स्कोअर आणखी थोडा खाली येऊ शकतो.

किती, ते विचारलं नाही.