शोभाला मी विचारलं, आत्याबाई

प्रिय आत्याबाई,

गेला आठवडाभर तुम्ही रोज दुपारी येताय. यांची रात्रपाळी चालू आहे, म्हणजे घर कसं असतं ते तुम्हाला काय सांगायचं! खिडक्यांना चादरी, रेडिओ बंद, पोरींना खेळायला शेजारी पिटाळलेलं. त्या अंधाऱ्या दुपारी मी जरा आडवी झाले की डोळा लागतो आणि तुम्ही दिसता. गोदावरी आपल्या कॉलनीच्या पायरीपर्यंत आलेली असते आणि तुम्ही लुगडं खोचून, पाण्यात पाय सोडून निवांत बसलेल्या असता. शेजारी कुणीतरी लहानसं असतं. तोंड दिसत नाही. मी विचारते, हे कुणाचं? तुम्ही म्हणता, "माझंच." आणि मला जाग येते.

जिवंतपणी बोलायला लागलात की भाजी करपायची, आणि आता एका शब्दावर बोळवण करता होय? म्हणून म्हटलं, आपणच लिहावं. शिवाय कारणही तसंच आहे. तुमची शोभा नांदगावहून आली आहे. तिला दिवस गेलेत. दोन मुलगे आहेत, तांबी बसवली होती ती निसटली, आणि आता हे तिसरं तिला नको आहे. माझ्याजवळ उशीत तोंड खुपसून एवढंच म्हणाली, "वहिनी, आई असती तर काय म्हणाली असती?"

काय म्हणाला असतात हो? खरंच सांगा. मला तुमच्या दोन्ही तऱ्हा माहीत आहेत, तीच तर अडचण आहे.

पहिली तऱ्हा तुम्हीच मला सांगितली होती, अशाच एका रात्रपाळीच्या दुपारी, तांदूळ निवडता निवडता, कुजबुजत. मी नवी नवरी होते. गोष्ट माझ्या लग्नाआधीची, गर्भपाताचा कायदा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. तुम्हाला उतारवयात दिवस राहिले, शोभा शाळेत जात होती, आणि तुम्ही मामंजींना न सांगता एकट्या सरकारी दवाखान्यात गेलात. नर्सबाईंनी विचारलं, मालक कुठायत? तुम्ही म्हणालात, "मालक कामावर हाय. पोट माझं हाय."

माझ्या माहेरी असलं वाक्य कुठल्या बाईच्या तोंडून निघालं नसतं. मामंजी त्यानंतर कितीतरी दिवस तुमच्याशी बोलले नाहीत, शेजारणींनी पाप केलं म्हणून तोंडं फिरवली. मी घाबरत विचारलं, पस्तावा होतो का? तुम्ही हातातला खडा बाजूला टाकलात. "पस्तावा नाय. आठवण हाय." दर कार्तिकात रामकुंडावर तुम्ही सगळ्यांच्या नावाचे दिवे सोडायच्या आणि वर एक जास्तीचा. तो कुणाचा ते मी मग कधी विचारलं नाही.

आणि दुसरी तऱ्हा माझ्या वाट्याला आली.

दोन मुलींच्या पाठीवर मला तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा यांच्या कारखान्यात त्या तपासणीचं वारं शिरलं होतं. पोटातलं पाणी काढतात, मुलगा की मुलगी ते सांगतात. मुलगी असली तर पुढचं तिथल्या तिथे. तुमचा मुलगा वाईट नाही हो, मुलींना खांद्यावरून खाली उतरवत नाही. पण साहेबांनी केलं, फिटरनं केलं, मग आपणच का मागं राहायचं, असं त्याचं चाललं होतं. "कायद्यानं चालतं," म्हणाला. डॉक्टर ठरला, दिवस ठरला.

मग तुम्ही काय केलंत! आपल्याकडे चोरओटी भरायची ती घरातल्या घरात, दार लोटून. दृष्ट लागते म्हणून बाहेर चकार शब्द काढायचा नाही. तुम्ही सकाळीच उठून सगळ्या कॉलनीला आवतण देऊन आलात. दुपारी हे रात्रपाळी करून झोपलेले, आणि बाहेरच्या खोलीत बायकाच बायका. हिरवा खण, नारळ, गाणी. हे बनियनवर बाहेर आले आणि आल्या पावली आत गेले. मला पाटावर बसवून तुम्ही ओटी भरलीत आणि माझ्या कानाशी म्हणालात, "आता नेऊन दाखव म्हणावं. पोट साऱ्या गल्लीचं झालं."

खरंच कुणाची छाती झाली नाही मला तिकडे न्यायची. सगळ्या गल्लीचं लक्ष माझ्या पोटावर. आणि जुई जन्माला आली. तुमच्या मांडीवर वाढली, तुमच्यासारखीच हट्टी आहे.

पण आत्याबाई, त्या पाटावर बसले होते तेव्हा मला काय हवं होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं का? मुलगा नको होता, मुलगी नको होती. मूलच नको होतं. अंगात त्राण नव्हतं, धाकटी अजून रात्रीची उठत होती, बालवाडीतली नोकरी नुकती हाती लागली होती. ती तपासणी मला किळसवाणी वाटत होती. पण तुम्ही गेलात तसं, कुणाला काही न सांगता त्या सरकारी दवाखान्यात जावं, असं मनात होतं. माझ्याबरोबर तुम्हीच याल, असं वाटत होतं! आणि तुम्ही माझ्या ओटीत नारळ घातलात. तुमचं पोट तुमचं होतं, मग माझं गल्लीचं का केलंत?

जुईवर माझा जीव आहे. ती नसती हा विचार आला की उठून तिला जवळ घेते. पण म्हणून तुमचं बरोबर ठरत नाही. लेक गोड निघाली, की आईला विचारलं नाही ते माफ, असं थोडंच असतं?

आता सरकारनं ती तपासणी बंद करायचा कायदा केलाय. बरं झालं. पण आपल्या कॉलनीत त्याचा अर्थ असा झालाय की गर्भपातच बंद. हेसुद्धा शोभाला म्हणाले, असलं काही केलंस तर जेलात जाशील. मी बालवाडीत येणाऱ्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बंदी आहे ती मुलगा-मुलगी बघण्यावर. बाकी जुना कायदा आहे तसाच आहे, आणि संमती बाईचीच लागते. मी ते घरी येऊन सांगितलं. हे म्हणाले, म्हणजे मुलगी नको म्हणून केलं तर गुन्हा, आणि मूलच नको म्हणून केलं तर चालतं? जीव तर तोच ना?

तुमच्या शेजारी पाण्यात पाय सोडून बसलेलं ते लहानसं कोण, हे मला कळतं, आणि ते कुणी नव्हतंच असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? तुम्हीही कधी म्हणाला नाहीत. पण त्याचा भार कुणी वाहायचा, हे त्या बाईशिवाय दुसऱ्या कुणी ठरवावं, हे मला पटत नाही. तुम्हीसुद्धा नाही ठरवायचं.

काल दुपारी मी शोभाजवळ बसले. आई काय म्हणाली असती ते सोड, म्हटलं, तुला काय हवंय? ती उठून बसली. नवऱ्यानं, सासूनं, कुणीच तिला हे विचारलं नव्हतं. मग म्हणाली, "नकोय, वहिनी." आणि रडायला लागली. मी पाठीवर हात ठेवला, तर हुंदक्यातच म्हणाली, "मी रडतेय म्हणून माझं मन बदललं, असं नका समजू."

तुमचीच लेक!

उद्या सकाळी तिला घेऊन दवाखान्यात जाते आहे. यांना सांगितलंय. तोंड वाकडं केलंय, करू दे. गल्लीत कुणाला कळणार नाही. मी बाहेर बाकावर बसून राहीन आणि आत तिला कुणी मालक कुठायत म्हणून अडवलं, तर उठून आत जाईन. घरी आल्यावर तिला आठवण येत राहिली, तर ती मी पुसायला जाणार नाही. आणि दाराशी पोचून ती मागे फिरली, तर का म्हणून न विचारता परत घेऊन येईन. हे वचन देते तुम्हाला. यावर रागवायचं असेल, तर खुशाल रागवा.

तुमची सून,
मंदा