'नॉट बॅड' म्हणजे किती चांगलं?

मंगळवार, संध्याकाळ. चँडलर.

माझ्या शेजारच्या डेस्कवरची मेगन आज लंचला जवळजवळ रडली. आमच्या नव्या मॅनेजर लंडनच्या. तिचा रिपोर्ट वाचून त्या एवढंच म्हणाल्या, "नॉट बॅड." इथल्या अमेरिकन माणसाला ते कसंबसं पास केल्यासारखं वाटतं. मेगन तर दुसरी टीम शोधायला लागली आहे.

मी तिला म्हटलं, अगं, ब्रिटिश माणसाच्या तोंडून एवढं आलं म्हणजे फार झालं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, तरी लगेच कळलं. बारावीच्या निकालाला बाबा "बरे आहेत मार्क" म्हणाले होते आणि मी दिवसभर तरंगत होते.

मेगन म्हणाली, "पण आवडलं, तर आवडलं असं का नाही म्हणत?"

मी डबा बंद केला.

घरी आले तर माझी लेक रेवा व्हायोलिन घेऊन उभीच. शनिवारच्या कार्यक्रमाची अख्खी रचना वाजवली, कुठेही न अडखळता. माझ्या अंगावर काटा आला. आणि तोंडातून निघालं काय, तर "बरं वाजवलंस."

"ओके, आई," म्हणाली आणि व्हायोलिन पेटीत ठेवून खोलीत गेली.

तेव्हापासून मेगनचाच प्रश्न डोक्यात आहे. तिला 'नॉट बॅड' समजावून सांगायला निदान मी होते. रेवाला माझं 'बरं' कोण समजावणार? आणि मी तर इथे, तिच्या शेजारच्या खोलीत, वहीला सांगत बसले आहे की तिनं सुंदर वाजवलं.