आतली कडी

पिंपरी, ता. १० जानेवारी २०२५

चि. दत्तोबास दुर्गाअक्काचे अ. आ.

मी आणि दिव्या बऱ्या आहोत. कंपनीतल्या प्रेसच्या धडधडीनं तुझे कान गेले, म्हणून फोन सोडून मला कागद काळा करावा लागतो. चौथीपर्यंतची अक्षरं आहेत, हसायचं नाही.

माझं काम तुला ठाऊक आहे. मंडईजवळचं सार्वजनिक शौचालय, ठेकेदाराची नोकरी, आणि राहायला शौचालयाच्याच माडीवरची खोली. खाली कडेला अपंगांसाठी एक मोठा संडास आहे. बाहेर उतार, आत धरायला दांडा, बसायला उंच भांडं. दोन वर्षं त्याला कुलूप. स्वच्छतेचे मार्क द्यायला तपासणीवाले आले की चकचकीत दिसला पाहिजे, कुणाला उघडायचा नाही, असा सुपरवायझर नवनाथचा हुकूम. मी रोज पुसायची, कुलूप लावायची, चावी कमरेला. मला तर त्याचा तोराच होता.

समोर अंजली बांगड्या-पिना विकते. पायांत जोर नाही, चाकांच्या खुर्चीवर असते. चहा दिला की नको म्हणायची. उलटून पाजावा लागेल म्हणून घेत नाहीस, चिक्कू कुठली, असं मी चिडवायचे. मंगळवारी ती खुर्चीतच कोसळली. मी दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही दिवसभर पाणीच पीत नाही, लघवीचं दुखणं वर मूत्रपिंडापर्यंत गेलंय. मी अंजलीवर ओरडले. तर ती हळूच म्हणाली, प्यायलं तर जायचं कुठं, मावशी.

चावी माझ्या कमरेला होती, दत्तोबा. तिच्यापासून वीस पावलांवर.

परत आले, कुलूप काढलं आणि नाल्यात फेकलं. नवनाथला कळेल तेव्हा कळेल.

विजयश्रीला आशीर्वाद. बहिणीवरची माया आटू दिलीस तर येऊन कान धरीन, ऐकू येत नसलं तरी.

तुझी अक्का
दुर्गा


येरमाळा, ता. १७ जानेवारी

ती. अक्काच्या चरणी दत्तोबाचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षरांना हसलो नाही, मजकुरानं घाम फुटला. लहानपणी गिरणीच्या रांगेत पुढं घुसलेल्या माणसाच्या डोक्यावर तू पिठाचा डबा उपडा केलास, आणि मार मला बसला. आता तो दिव्याला बसेल. नोकरीबरोबर खोली जाईल, आणि पुढच्या महिन्यात पोरीची बारावी. पुस्तकं घेऊन ती बसणार कुठं?

अंजलीचं वाईट वाटतं. पण माझं ऐक, तसंच दुसरं कुलूप आण. ती आली की गुपचूप उघड, गेली की लाव. तिचंही भागेल, नवनाथचंही. मी नाही का बावीस वर्षं कंपनीत मान खाली घालून काढली.

विजयश्री म्हणते अक्काला इतकं कडक लिहू नका. तरी लिहिलं. लहान तोंडी मोठा घास माफ करावा आणि धाकट्याला पोटाशी धरावं.

तुझा
दत्तोबा


पिंपरी, ता. २४ जानेवारी

चि. दत्तोबास अ. आ.

मान खाली घालून काय मिळवलंस? बहिरेपण. राग येऊ दे, मला काही वाटणार नाही. आणि गुपचूप का म्हणून? अंजली तिथं चोरी करायला येते का?

आता खरी गंमत ऐक. सोमवारी ती आली. उतारावरून खुर्ची वर गेली, आत गेली, आणि दार लागेना! दार आत उघडतं, आत खुर्ची, दार फिरणार कुठून? समोर रिक्षा स्टँड. दहा माणसं बघतायत आणि पोरगी पदरात तोंड घालून बसली. मी चादर धरून दारात उभी राहिले. दोन वर्षं ते दार मी पुसलं, एकदाही डोक्यात आलं नाही. बांधणाऱ्याच्याही नाही. कुणी बसून बघितलंय कुठं!

दुसऱ्या दिवशी हातोडी घेतली, बिजागऱ्यांच्या खिळ्या ठोकून काढल्या आणि दार भिंतीला टेकवून ठेवलं. जागेवर गोधडी टांगली. आता वॉकरवाले एक आजोबा येतात, पायाला प्लास्टर असलेला हमाल येतो, दिवस भरलेली भाजीवाली येते. घाण होते. मी धुते. वापरलेलं धुवायचाच पगार आहे, न वापरलेलं पुसत बसायचा नाही.

नवनाथ आला, नाचला. पाच तारखेला तपासणी, तोवर दार आणि कुलूप जागेवर पाहिजे, नाहीतर खोली खाली कर, म्हणाला. मी म्हटलं, गोधडीला लाव कुलूप. दिव्याला विचारलं, काय करू. ती पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, आई, अभ्यास मी फलाटावर बसूनही करीन. तुझ्यापेक्षा जिगर आहे पोरीत.

रुसू नकोस. रुसलास तरी माझाच आहेस.

दुर्गाअक्का


येरमाळा, ता. २९ जानेवारी

ती. अक्काच्या चरणी सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. विजयश्रीनं पाटीवर लिहून विचारलं, की जन्मभर फिटर होतात, बहिणीच्या दाराला गोधडी शोभते का.

गोधडी चालायची नाही, अक्का. बाईमाणसाला आतून कडी लागते. चौकटीची पट्टी काढून बिजागऱ्या बाहेरच्या अंगाला घेतल्या की दार बाहेर उघडेल. कडी खाली बसवू, बसल्या बसल्या हात पोचेल अशी. दार कुणाला नेऊ देऊ नकोस. रविवारच्या एस्टीनं हत्यारं घेऊन येतो. तोवर कुणाच्या डोक्यावर पीठ ओतू नये, ही पायांवर डोकं ठेवून विनंती.

तुझा
दत्तोबा


पिंपरी, ता. १० फेब्रुवारी

चि. दत्तोबास अ. आ.

सुखरूप पोचलास, बरं वाटलं. तू गेलास आणि दुसऱ्याच दिवशी तपासणीवाले आले. दोन साहेब, एक बाई, हातात मोबाइल. नवनाथनं आधीच मला दटावलं होतं, की तो संडास दुरुस्तीला आहे असं सांग. त्यानं त्यांना तसंच सांगितलंही. साहेबांनी दार ओढलं. आतून कडी. त्यांनी ठोकलं. तर आतून अंजली खणखणीत आवाजात ओरडली, की माणूस आहे आत, थांबा जरा!

थांबले, दत्तोबा. तिघंही उन्हात उभे. साहेब घड्याळ बघतायत, नवनाथ जमीन बघतोय. अंजलीनं काही घाई केली नाही. कडी काढली, खुर्ची वळवली आणि त्यांच्यामधून वाट काढत खाली उतरली. मग ते आत गेले. फरशी ओली होती. बाईंनी स्वतः दार चार वेळा लावून-उघडून बघितलं आणि हे कुणी बसवलं विचारलं. माझ्या भावानं, म्हटलं. मार्क कापले की वाढवले, मला सांगितलं नाही.

संध्याकाळी नवनाथनं पंधरा दिवसांत खोली सोडायचा कागद दिला. मी सही केली नाही. दिव्याचा उद्या पहिला पेपर, ती वर वाचतेय. सकाळी सहाला मी शटर उघडते, आणि तो संडास सगळ्यांच्या आधी. हटवायचं असेल तर त्यांनी उचलून न्यावं. माझं वजन तुला माहीत आहे.

तू मात्र काळजीनं वाळू नकोस. लोभ तेवढा राहू दे, भांडण माझं मी बघते.

तुझी
दुर्गाअक्का