सोलापूरचं पाणी

सोलापूर, १९३६

थोरल्या धुळादादास हरिबाचा दंडवत. आई कशी हाय? मेंढरं कुटं बसवलीत?

मामा मला गिरणीत बघून गेले. हरिबाला सोलापूरचं पाणी मानवलं, असं घरी सांगितलं असंल. व्हय, तोंड गोल झालंय, पोट सुटलंय. पर हातपाय काटकीवाणी झाल्यात, दाढी उगवत न्हाय. बोकड खच्ची केला की अंग धरतो, तसं. बाईमाणसाचं मनातबी येत न्हाय. त्याचं वाईटबी वाटत न्हाय. डाक्टर म्हणला, डोक्यात बारकी गाठ असती, तिच्यावरच बाप्याचं बाप्यापण चालतं; ती बिघडलीय, दवा न्हाय.

माझी वळसंगची ठरल्याली सोयरीक मोडा. जनावर इकतानाबी आपण खोड लपवत न्हाय, पोरीच्या बापाला खरं सांगा.

आईला मातर मामाचंच सांगा. पाणी मानवलं म्हणावं.

तुमचा धाकटा,
हरिबा